थांब्यावरचं पाखरू

हरभऱ्याची आंब, म्हणजे पाल्यावर येणारं आंबट पाणी, माझ्या ताईच्या बोटांना कधी मानवली नाही. थंडी पडली, हरभरा वीतभर झाला, की शेंडे खुडायचे दिवस येतात, आणि शेंडे खुडले की तिच्या बोटांच्या पेरांवर चिरा पडायला लागतात. मग ती रात्री एरंडेल लावते, चिंध्या गुंडाळते आणि सकाळी पुन्हा वावरात. हे मी लहानपणापासून पाहत आलो. परवा संक्रांतीचं वाण घ्यायला ती कामरगावच्या बाजारात आली होती. जाता जाता माझ्या दुकानात टेकली. काउंटरवर तिनं दोन्ही हात ठेवले तर बोटं साफ. एक चीर नाही. मी बघतच राहिलो. काय पाहून राह्यला, असं तिनं विचारलं, तर काही नाही म्हणून चहा सांगितला.

ती गेल्यावर शटर अर्ध्यावर ओढून बसलो. गिऱ्हाईक काही येणार नव्हतंच.

माझं दुकान म्हणजे फोटो स्टुडिओ. आता नुसतं म्हणायला. एके काळी या तालुक्यात लग्न म्हटलं की मला बोलावणं यायचं. हळद, वरात, जेवणावळी, मुलीची पाठवणी, सगळं मी माझ्या एका डोळ्यानं पाहिलंय. दुसरा मिटलेला असायचा. हसा, जरा हसा, आजी इकडं बघा, नवरदेव हनुवटी खाली. हे म्हणून म्हणून माझी जीभ घासली आणि उभं राहून राहून कंबर गेली. लोकांना आनंदी दिसायला लावणं हा जगातला सगळ्यात दमवणारा धंदा आहे. आणि फोटो काढून झाला की खरं काम पुढंच. रात्रभर कॉम्प्युटरवर बसून सावळ्याचं गोरं करायचं. नवरीच्या डोळ्यांखालची काळी वर्तुळं पुसायची, नवऱ्याचे पिवळट दात पांढरे करायचे, जागरणानं लाल झालेले डोळे निवळ करायचे. कुणी त्याला फसवणूक म्हणत नाही. उलट न केलं तर भांडायला येतात, आमची पोरगी अशी काळी हाय का म्हणून.

तर दोन हिवाळ्यांमागची गोष्ट. गोष्ट म्हणावी असं तिच्यात फार काही नाही. एक पाखरू होतं, एक दांडा होता, आणि तीन दमलेली माणसं.

भाऊजी, म्हणजे ताईचे यजमान, त्यांना स्वतःच्या नजरेचा भारी गर्व. तरुणपणी दोन धुरे, म्हणजे दोन बांध, सोडून पलीकडं चरणाऱ्या बैलाचं कोणतं शिंग मोडलंय ते सांगायचे, आणि पैज लावून सांगायचे. आभाळात टिपका दिसला की ही घार, ही कापशी, हा ससाणा. बरोबर निघायचं की नाही देव जाणे, कारण आम्हाला टिपका दिसायचा तेवढाच. वाद घालायची कुणाची टाप नव्हती. मग साखर झाली. साखरेनं आधी पायाचं एक बोट नेलं, मग हळूहळू डोळे पोखरायला घेतले. अकोल्याच्या डॉक्टरांनी लेझर केलं आणि सांगितलं की गेलेलं येणार नाही, आहे ते सांभाळा. ताई तिथंच बसली होती, तिनं ऐकलं. गावात आल्यावर भाऊजींनी पारावर सांगितलं ते वेगळं. म्हणे डॉक्टर बोलला, काका, तुमची नजर पंचविशीतल्या पोराची हाय.

ताईनं काही खोडून काढलं नाही. ती बाई बोलायची नाहीच. पण मला एकेक गोष्ट सांगायची, तीही कामाच्या ओघात, जसं काही दुसऱ्याच कुणाचं सांगतेय. भाऊजी पाण्याचा तांब्या कट्ट्यावर ठेवायला गेले आणि कट्ट्याच्या अलीकडंच सोडून दिला. रस्त्याकडेला सोडून ठेवलेल्या बंडीला थांबून रामराम घातला आणि ख्यालीखुशाली विचारली, बंडीवर नुसती कडब्याची पेंढी होती. हरभऱ्यात निंदायला बसले तर तणाबरोबर हरभराच उपटत निघाले. ताई त्यांच्या मागच्या ओळीत होती. उपटलेली रोपं तिनं गुपचूप वेचली आणि ओच्यात लपवली, मागं वळून पाहिलं तर त्यांना दिसायला नको म्हणून. हे सांगताना ती थांबली आणि म्हणाली, पण मागं पाह्यलं असतं तरी कुठं दिसणार होतं. आणि पुन्हा शेंगा सोलायला लागली.

तिचं म्हणणं साधं होतं. दोघी पोरी सासरी गेलेल्या, घरात ही दोघंच. त्यांचं काम आणि तिचं काम, दोन्ही तीच करत होती. वर ते काम त्यांनीच केलं असं दाखवायचं हे तिसरं काम. तिचीही साठी जवळ आलेली. वावर बटईनं देऊन टाकावं, कुणी तरणा माणूस कसेल, अर्धं आपल्याला देईल, दोघांचं भागेल. भाऊजींजवळ हा शब्द काढला की ते भाकर ताटात टाकून उठायचे. बटईनं वावर देते तो आंधळा नाहीतर मेलेला, असं त्यांचं मत होतं, आणि मी त्यातला कोणता हाय ते सांग, असं ते ताईला विचारायचे.

आता पाखराकडं येतो. आमच्याकडं हरभऱ्यात पक्षीथांबे लावतात. पिकाच्या वर डोकं निघेल अशी काठी रोवायची, तिला आडवी काठी बांधायची. मैना येतात, कोतवाल येतात, त्या काठीवर बसून खाली टेहळणी करतात आणि घाटे, म्हणजे हरभऱ्याच्या शेंगा, पोखरणाऱ्या अळ्या टिपतात. फवारणी कमी लागते. भाऊजी तर पेरतानाच हरभऱ्याच्या बियाण्यात मूठभर ज्वारी मिसळायचे. मधेमधे ज्वारीची ताटं उभी राहिली की पाखरांना तीही बसायला होतात. पुष्कळ लोक सरकारी माणूस सांगून गेला की एक साल थांबे लावतात आणि विसरतात. भाऊजी विसरायचे नाहीत. थांबे हा त्यांचा शौक होता.

त्या साली मी दुकानातला परदा काढला. धबधब्याचा परदा, रंगवलेला. त्याच्यापुढं उभं राहून या भागातल्या तीन पिढ्यांनी फोटो काढले. आता ज्याच्या खिशात मोबाईल त्याच्या खिशात धबधबा. परदा उंदरांनी खाल्ला होता, तो टाकला. त्याचे लोखंडी स्टँड आणि आडवा दांडा भंगारात जाणार होते, ते भाऊजींनी मागून नेले. वावराच्या मधोमध स्टँड रोवून त्यावर दांडा बांधला. असा रुबाबदार थांबा पंचक्रोशीत कुणाकडं नव्हता. आणि पौष सरता सरता त्या दांड्यावर एक शिकारी पाखरू येऊन बसायला लागलं.

ते यायला लागलं आणि हरभऱ्यात अळी दिसायला लागली. ताईनं दोन आणि दोन चार केले. तुमच्या थांब्यावर शिक्रा बसते, म्हणून मैना येऊन नाई राह्यल्या, थांबा काढा आणि औषध मारा. भाऊजी हसले. म्हणाले, शिक्रा नाई, तिसा हाय. तिसा म्हणजे दुसरं शिकारी पाखरू. तोही असाच मातकट, असाच वाकड्या चोचीचा, पण उंदीर, सरडे, नाकतोडे खाणारा. त्याला मैना फारशा भीत नाहीत. शिक्रा मात्र पाखरंच धरतो. दोघांचा ठळक फरक डोळ्यात. मोठ्या शिक्र्याचा डोळा पिवळा किंवा तांबडा, तिशाचा पांढरा.

"पांढरा डोया हाय त्याचा," भाऊजी म्हणाले. "मले इथून दिसून राह्यला."

आम्ही धुऱ्यावर बाभळीखाली जेवायला बसलो होतो. तिथून थांब्यावरचं पाखरू माझ्या अंगठ्याएवढं दिसत होतं. माझे डोळे धडधाकट, तरी मला चोच कुठल्या बाजूला आहे तेही कळेना. मी ताईकडं पाहिलं, तिनं माझ्याकडं पाहिलं. त्यांनी मोठेपणा केला नसता, मला नीट दिसत नाही पण तिसा असावा, एवढंच म्हटलं असतं, तर विषय तिथंच संपला असता. पण माणूस जे गमावतो त्याचीच जास्त फुशारकी मारतो. मीही मारतो. अजून पोरांना सांगतो की माझ्या हाताला कंप नाही.

ताईनं ताटातला घास खाली ठेवला. चिडून नाही, दमून बोलली. "ठीक हाय. गजू फोटो काढीन. पांढरा डोया निंगाला त पुढचं साल आपणच पेरू. नाई निंगाला त पाडव्याले वावर बटईनं."

भाऊजींनी भाकरीचा तुकडा मोडला. मग म्हणाले, काढ म्हणा. आणि जेवत राहिले. माघार घ्यायला त्यांनी स्वतःच जागा ठेवली नव्हती.

अशा तऱ्हेनं एका पाखराच्या डोळ्यावर माझ्या बहिणीचं साल लागलं, आणि तो डोळा टिपायचं काम माझ्या गळ्यात आलं. लग्नाची तिथी नसेल त्या सकाळी मी गाडी काढायचो. माझी लेन्स मांडवात चालणारी, चार हातांवरची माणसं टिपणारी. लांबचं काढायची लेन्स अकोल्याच्या एका ओळखीच्याकडून मिनतवारीनं आणली. ती उखळासारखी जड. पहाटेचं धुकं, पँट गुडघ्यापर्यंत ओली, कारण हरभऱ्यावर त्या वेळी दव असतं आणि त्या दवात आंब उतरलेली असते. ओठावरून हात फिरवला की आंबट लागायचं. पोतं अंथरून मी तुरीच्या आडोशाला बसायचो आणि वाट पाहायचो. मांडवात मी कधी वाट पाहिली नाही. तिथं माणसं माझी वाट पाहतात.

भाऊजी माझ्या मागं धुऱ्यावर कांबळं पांघरून बसायचे. दर थोड्या वेळानं हळू आवाजात विचारायचे, आला का. ज्याला दिसतंय तो असं विचारत नाही. मी म्हणायचो, आला. मग ते म्हणायचे, हो, पाह्यला मी.

पहिल्याच दिवशी सवयीनं फ्लॅश लागला. मांडवातली माणसं फ्लॅशला सरावलेली असतात, हे पाखरू नव्हतं. पार टेकडीपलीकडं गेलं आणि ते दोन दिवस फिरकलंच नाही. मग आलं ते माझ्याकडं पाठ करून बसायला लागलं. पाठीचे फोटो माझ्याकडं ढिगानं झाले. पाठीवरून काय ओळखणार, सगळ्यांची पाठ मातीच्या रंगाची. घरी येऊन मोबाईलवर चित्रं काढून पाहायचो. तिसा असा, शिक्रा असा, दोघांच्याही गळ्यावर मधोमध काळी रेघ, तिशाच्या गालावरूनही आणखी रेघा. पाहून पाहून शेवटी मला स्वप्नात रेघा दिसायला लागल्या. एकदा पाखरानं मान अर्धी वळवली आणि माझ्या तोंडून निघूनच गेलं, जरा इकडं बघा. मागं भाऊजी असे हसले की खोकला लागला. ते मोकळं हसणं पुष्कळ दिवसांनी ऐकलं होतं. पाखरू अर्थातच उडून गेलं.

आता मागं वळून पाहतो तेव्हा त्या सकाळी फार चांगल्या होत्या असं वाटतं, आणि मग आठवतं की नव्हत्या. मी थकलेलो असायचो, आदल्या रात्रीच्या वरातीचा बँडबाजा कानात असायचा. ताई आमच्या दोघांसमोर राबत असायची. कधी ओणवी, कधी डोक्यावर भारा. आम्ही दोन बाप्ये एका पाखराकडं तोंड करून बसलेले आणि ती एकटी सगळं वावर उरकत होती. एकदा फक्त जाता जाता म्हणाली की तुमचं पाखरू लवकर बसवा, मले पाडव्याच्या आधी समजलं पाह्यजे, पाय उचलत नाई आता. तेव्हा मला कळलं की तो डोळा पिवळा निघावा असं तिला मनापासून वाटतंय. आणि मागं कांबळ्यात बसलेल्या माणसाला तो पांढरा निघावा असं वाटतंय. मला दोघंही सख्खे. मला वाटायचं, पाखरानं जन्मभर पाठच करून बसावं.

ती सकाळ उजाडली तेव्हा धुकं नव्हतं. स्वच्छ, सोनेरी ऊन. पाखरू अजून आलं नव्हतं, म्हणून हरभऱ्यात मैनांची झुंबड उडाली होती, त्यांची सारखी किचकिच, भांडणं, एकमेकींच्या चोचीतलं ओढणं. एकाएकी सगळ्या भर्रकन उठल्या आणि बाभळीपलीकडं गेल्या. वावर चिडीचूप झालं. पंखांचा आवाजही आला नाही आणि ते पाखरू दांड्यावर होतं. माझ्याकडं तोंड करून. त्यानं सरळ माझ्याकडं पाहिलं. फोटोला बसलेलं माणूस बघतं तसंच, जरा रागानं आणि घाई करा म्हणत. मी बटण दाबलं, आणि दाबतच राहिलो.

मग कॅमेऱ्याच्या मागच्या काचेवर फोटो मोठा केला. आणखी मोठा केला. छातीवर विटकरी रंगाच्या बारीक आडव्या रेघा. गळ्यावर मधोमध एकच पुसट रेघ, गालावर काही नाही. आणि डोळा पिवळा. हळदीसारखा पिवळा, त्यात काळी बाहुली. शिक्र्याची मादी. शंकेला जागाच नव्हती.

पहिला विचार काय आला सांगू, दुकानातल्या कॉम्प्युटरचा. नवरदेवाचा पिवळट डोळा मी पापणी लवेस्तोवर पांढरा करतो. तेच इथं करायचं. कुणाला कळणार होतं? दुसरा विचार आला तो ताईच्या पायांचा, जे उचलत नव्हते. मग मी काहीच विचार करेना, नुसता काचेकडं पाहत बसलो. भाऊजींनी विचारलं, निंगाला का. मी म्हटलं, निघाला बहुतेक, पाहू द्या नीट. तेवढ्यात ताईच आली. बाजारासाठी ओला हरभरा उपटत होती, मला कॅमेऱ्यात डोकं घातलेलं पाहून आली. लुगड्याला हात पुसले आणि दे म्हणाली.

मी कॅमेरा दिला. तिनं ऊन लागू नये म्हणून पदर डोक्यावरून पुढं ओढला आणि काचेवर धरला. पदराच्या सावलीत तिचं तोंड आणि ते पाखरू. तिची बोटं कॅमेऱ्याच्या कडेला, प्रत्येक पेरावर चीर, चिरेत माती. तिनं पुष्कळ वेळ पाहिलं. तिला चष्मा लागला नव्हता, अजून नाही. जे मला दिसलं तेच तिला दिसत होतं.

भाऊजी उठून उभे राहिले होते. त्यांचं तोंड आमच्याकडं होतं, पण अगदी आमच्याकडं नाही, हातभर बाजूला. जिथं आम्ही असू असं त्यांना वाटत होतं तिथं.

"काय दिसते वं?" त्यांनी विचारलं.

ताईनं पदराखालून त्यांच्याकडं पाहिलं. मग म्हणाली, "पांढरा हाय."

कॅमेरा माझ्या हातात दिला, तुमचंच खरं निंगालं असं त्यांना म्हणाली, आणि अर्धवट टाकलेल्या ओळीकडं परत निघाली. जे काम करायला मला कॉम्प्युटर लागतो ते तिनं उभ्या उभ्या एका शब्दात केलं, आणि त्याची किंमत एक अख्खं साल. मला वाटलं आता भाऊजी गावभर डंका पिटतील. पारावर सांगतील, पैजा आठवतील. ते फक्त बरं म्हणाले, आणि खाली बसले. कांबळं सावरून घेतलं. मी लेन्स पुसत राहिलो.

ते साल तिनं काढलं. सोयाबीन पेरलं, तूर पेरली, डवरणी, खुरपणी, सोंगणी, रब्बीत पुन्हा हरभरा. भाऊजी वावरात यायचे आणि धुऱ्यावरून हुकूम सोडायचे, आणि ती हो म्हणून स्वतःला योग्य वाटेल ते करायची. मी गेलो की तिच्याकडं पाहायचं टाळायचो. दिवाळीत फोटो काढला दोघांचा, तर तिच्या डोळ्यांखाली एवढाली वर्तुळं. मी ती पुसली नाहीत. फोटो तसाच दिला. ती म्हणाली, माह्याच भावानं मले गोरी नाई केली.

मग पुढचा पाडवा आला. गुढी उभारली, पुरणपोळी झाली, आणि ताट सरकवून भाऊजी आपणहून म्हणाले की आता वावर बटईनं देऊन टाकू. डोयाचं काई नाई, डोये बरे हायत. पण गुडघे गेले. वावरात उठबस होत नाई. ताईनं हे मला फोनवर सांगितलं तेव्हा तिचा आवाज हलका झाला होता, आणि लगेच तिनं काळजीचा सूर लावला की ह्यायचे गुडघे डॉक्टरले दाखवले पाह्यजे. ज्या माणसाचे गुडघे गेले होते तो त्यानंतरच्या रामनवमीला माझ्याबरोबर पोहरादेवीच्या यात्रेला आला होता. मी तिथं फोटोच्या कामासाठी गेलो होतो. त्या गर्दीत, त्या उन्हात, माझ्या खांद्यावर हात ठेवून ते अख्खा दिवस चालले. धाप लागली ती मला. गुडघ्यांचं एकदाही नाव काढलं नाही त्यांनी. खांद्यावरचा हातही एकदा काढला नाही.

म्हणून यंदा ताईची बोटं साफ.

तिनं दुकानात हात ठेवले त्या रात्री मला चैन पडेना. काल सकाळी गाडी काढली आणि वावरात गेलो. कॅमेरा घेतला नाही. वावर आता गावातलाच एक तरणा माणूस कसतो. त्यानं हरभरा चांगला आणलाय, घाटे टपोरे भरलेत. माझ्या स्टँडचा थांबा अजून मधोमध उभा आहे. गंजलाय, जरा कललाय. बटई ठरवताना भाऊजींनी एकच अट घातली होती, थांबा काढायचा नाही. ते बाभळीखाली बसले होते, तसंच कांबळं. माझ्या पावलांवरूनच ओळखलं. आता उजेड-अंधार सोडला तर त्यांना काही दिसत नाही, आणि दिसतं असंही ते म्हणत नाहीत. विषय टाळतात, बस. मी शेजारी बसलो. मैना किचकिचत होत्या. ते ऐकत होते.

मग म्हणाले, खरं सांग गजू, त्या फोटोत डोया कसा होता.

मी म्हटलं, पांढरा.

ते हसले. मोठ्यानं नाही. "तूबी बहिणीवरच गेला," म्हणाले. मग बोटानं वावराकडं दाखवलं, नेमकं थांब्याकडं. "थो आला तवा साऱ्या मैना उडाल्या. चिडीचूप झालं वावर. तिशाले कायले उडतीन मैना? मले दिसत नाई, पण ऐकू त येते न."

मी विचारलं, मग त्याच वेळी का नाही बोललात.

त्यांनी हरभऱ्याचा एक घाटा चाचपून तोडला, सोलला, दाणा तोंडात टाकला. "मले एक साल पाह्यजे होतं," ते म्हणाले. "जाता जाता एक. थे तिनं देल्लं, आपल्या बोटाचं सालटं काढून देल्लं. मंग मी कसं म्हणू का तू खोटं बोलून राह्यली?" आणि आवाज उतरवून म्हणाले, "तिले सांगजो नोको, मले मालूम हाय म्हून."

नाही सांगत, मी म्हटलं. दुसरं काय म्हणणार होतो. इतकी वर्षं माणसांच्या तोंडाकडं पाहण्याचा धंदा केला, आणि त्या दिवशी काचेत डोकं घालून बसलो होतो, या माणसाच्या तोंडाकडं पाहिलंच नव्हतं.

धुऱ्यावरून ताई येताना दिसली. एका हातात चहाची किटली, दुसऱ्या हातात शिशी. भाऊजींना तिची चाहूल माझ्याआधी लागली असावी, कारण त्यांनी तोंड तिच्याकडं वळवलं आणि चेहरा जरा कळ आल्यासारखा केला. काय चाललं दोघांचं, तिनं विचारलं. ते म्हणाले, काई नाई, गुडघ्याचं सांगून राह्यलो याले, थंडीनं लय दुखून राह्यले.

तिनं मला चहा ओतून दिला. मग त्यांच्यासमोर मातीत बसली, शिशीतलं एरंडेल तळहातावर घेतलं, आणि त्यांचं धोतर वर सारून त्यांचे धडधाकट गुडघे चोळायला लागली.